एआयच्या काळात बिझनेस इकॉनॉमिक्सच्या पदवीचे पैसे वसूल होतील का?

होतील, पण फी किती भरताय यावर बरंच अवलंबून आहे. अनुदानित कॉलेजात काही हजारांत होणारी पदवी आणि खासगी विद्यापीठात लाखोंचं कर्ज काढून घेतलेली तीच पदवी, यांचा हिशोब एक नाही. दुसरीसाठी घर गहाण टाकू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

एक्सेलमध्ये आकडे लावणं, अहवाल जुळवणं, स्लाइड बनवणं यावर नवख्यांचा पहिला पगार निघायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आता यातलं बरंचसं यंत्र मिनिटांत करतं. म्हणून इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक कारणं तपासायचं शास्त्र, कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. विक्री घटली ती भाव वाढवल्यामुळे की पाऊस लांबल्यामुळे, हे शोधून काढता आलं पाहिजे. यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. सोबत पायथन किंवा आर (R) ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकाच.

सरकारी वाटही बघा. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि त्यात बिझनेस इकॉनॉमिक्सही चालतं. नुसत्या पहिल्या पदवीवर तिथे बसता येत नाही, त्यामुळे पुढची दोन वर्षंही खर्चात धरा.