दारातल्या टेबलावर हेल्मेट

घर-दार : वाचकांची पत्रं

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीत आम्ही जुळे सोलापुरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. दार उघडलं की चार फूट रुंदीचा बोळ आहे, तो पुढं हॉलमध्ये निघतो. त्या बोळात ठेवायला मी ऑनलाइन एक टेबल मागवलं. ४८ इंच लांब, १६ इंच रुंद, ३२ इंच उंच, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचं. मोबाइलवरच्या फोटोत त्याच्यावर उंच फुलदाणी, चार पुस्तकं आणि मेणबत्त्या होत्या. आमच्याकडं त्याच्यावर ह्यांचं हेल्मेट, किल्ल्यांचे दोन जुडगे, लाइट बिल, मुलाचा डबा आणि लग्नपत्रिका असतात. मी फुलदाणी आणली, ती दोनदा पडली. सासूबाईंना तिथं गणपती हवाय आणि आरसा दारासमोर नकोय. मला तर सोलापुरी चादर घडी घालून अंथरायची आहे. काय करू?

उत्तर : फुलदाणीचा काही दोष नाही. तुमचं टेबल वाटेत उभं आहे.

हिशेब मांडू. बोळ ४८ इंच, त्यातले १६ टेबलानं घेतले, राहिले ३२. एवढ्यातून रिकाम्या हाताचा माणूस जातो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की कोपर लागतो. सिलिंडर खांद्यावर घेऊन येणारा पोऱ्या तर तिरका होऊनच शिरतो. आणि मार्चमध्ये कूलर आत आणाल तेव्हा काय कराल? आपल्याकडं पारा ४३-४४ वर जातो, कूलरशिवाय घर नाही. वावरायला ३६ इंच तरी मोकळे सोडावेत. म्हणजे तुमच्या बोळात १२ इंचांच्या वर रुंद काही मावत नाही, आणि दहा असलं तर बरं.

सुताराला बोलावून टेबल चार इंच कापून घेऊ, असा विचार मनात आला असेल. नका करू. सागवान असतं तर मीच म्हटलं असतं, काप. एमडीएफची कड एकदा उघडी पडली की ओल्या फडक्याचं पाणीसुद्धा पिते आणि महिन्याभरात फुगून येते. कापलेल्या कडेला पुन्हा नीट पट्टी चिकटवून देणारा माणूस मिळाला तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा टेबलच तिथून हलवा. बोळ संपतो तिथं हॉलची जी भिंत दारातून समोर दिसते, तिथं न्या. पाहुण्याची नजर आधी तिथंच जाते. बोळात फक्त दहा इंचांची एक फळी ब्रॅकेटवर ठोका, खाली चार खुंट्या. हेल्मेट खुंटीवर, डब्याची पिशवी खुंटीवर, किल्ल्या फळीवरच्या वाटीत. नवी जागा पक्की करायच्या आधी जमिनीवर टेबलाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून दोन दिवस घरात वावरा. कागद फाटला तर जागा चुकली. ही युक्ती मला एका सुतारमामांनी शिकवली. ते म्हणायचे, "ताई, वर कायबी मांडा की ओ, पन दार पुरतं उघडलं पायजे."

आता सजावट. त्याच्या आधी एक काम आहे, ते तुम्हाला आवडणार नाही. आठवडाभर त्या टेबलावर काहीही सजवू नका. जे येऊन पडतं ते पडू द्या आणि रोज रात्री वहीत लिहा. मी माझ्या दमाणी नगरच्या घरात हे केलं, तेव्हा यादीत गोळ्यांची पाकिटं निघाली, सिद्धेश्वराच्या प्रसादाची पुडी निघाली, आणि एका बुटाची नाडी सलग सहा दिवस निघाली. कुणाची ते अजून कळलं नाही. रोज येणाऱ्या वस्तूंना टेबलाचा एक कोपरा कायमचा लिहून द्या. तिथं पितळेचं ताट किंवा वेताची परडी ठेवा, साधारण फूटभर लांबीची. ताट भरून वाहायला लागलं की त्या दिवशी ते रिकामं करायचं, दुसरं ताट आणायचं नाही. पत्रिका मात्र ताटात टाकू नका. त्यातल्या अक्षता सांडतात, मुंग्या लागतात. पत्रिका आली की तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ती आत ठेवा.

उरलेल्या तीन फुटांत फार तर तीन वस्तू. एक उंच, एक मध्यम, एक पसरट. उंच वस्तू मध्यावर ठेवू नका, एका बाजूला घ्या. मध्यावर ठेवलेली वस्तू दुकानात विकायला मांडल्यासारखी दिसते. हे मी अनुभवानं सांगते, नवी पेठेतल्या एका दुकानात अकरा वर्षं मी शोकेस सजवायचे.

उंच वस्तूसाठी फुलदाणी परत आणू नका. माळ्यावर सासूबाईंची तांब्याची कळशी असेल. असेलच. ती चिंचेनं घासा, पुसून पुरती कोरडी करा आणि तिच्यात ज्वारीची वाळलेली धाटं कणसांसकट उभी करा. मालदांडी ज्वारीची कणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याकडून येणाऱ्या कुणाकडूनही मिळतील. घट्ट दाण्याची, हातभर लांब देठाची बघून घ्या. घरी आणल्यावर तीन-चार दिवस कडक उन्हात उलटी टांगा, नाहीतर आठवड्यात सोंडे होतात. कळशीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. हाताळताना कुसळ अंगाला खाजतं, लांब बाह्यांचं काहीतरी घाला. एक धोका सांगून ठेवते. माझ्याकडं खिडकी उघडी राहिली आणि दोन चिमण्यांनी दुपारभरात अर्धं कणीस टिपलं. खाली दाण्यांचा सडा होता, आणि खरं सांगायचं तर ती त्या टेबलाची आजवरची सगळ्यात देखणी अवस्था होती.

फोटोतल्या मेणबत्त्या विसरा. आमच्या बंद घरात पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या बारीक उभ्या मेणबत्त्या एका मे महिन्यात कमरेतून वाकल्या होत्या. न पेटवताच. त्याऐवजी एक छोटा टेबल-लॅम्प घ्या, त्यात ५ किंवा ७ वॉटचा पिवळसर एलईडी, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं असतं तो. पांढरा झगझगीत बल्ब लावलात तर सगळी मेहनत दवाखान्यासारखी दिसेल. प्लग टेबलाच्या मागं हवा. वायर वाटेवरून ओढायची असेल तर लॅम्प नकोच.

चादरीचं मनात आलं ते फार चांगलं आहे, पण घडी घालून नको. माझी फजिती ऐका. चादर साधारण ६० बाय ९० इंचांची. ती लांबीत चार पदरी केली की १५ इंचांची पट्टी होते, मापाला अगदी बरोबर. दुकानात मी तशी घालून वर पितळेचा दिवा ठेवला होता. चार पदर गादीसारखे मऊ, दिव्याची बैठक एका बाजूला खचली, गिऱ्हाइकाच्या पदराचा धक्का लागला आणि दिवा काचेच्या काउंटरवर. काचेचे पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हापासून मी एकेरी पट्टीच वापरते.

त्यासाठी नवी चादर कापायची नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूवर कात्री चालवायला माझा हात धजत नाही, तुमचाही धजू नये. घरात एखादी विरलेली असते, ती काढा. चादर आधी मधोमध विरते, काठाकडचा भाग शाबूत असतो, तोच घ्या. तुमच्या टेबलाला १० इंच रुंद आणि ६४ इंच लांब पट्टी लागेल. पुढं-मागं तीन-तीन इंच लाकूड दिसेल आणि दोन्ही टोकांना आठ-आठ इंच खाली लोंबेल. कापायच्या आधी खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशीनवर झिगझॅग टीप मारून घ्या आणि मग मधून कापा. जेकार्डचं, म्हणजे नक्षी धाग्यांतच उठवलेलं विणकाम आहे, टीप न मारता कापलंत तर शिंप्याकडं पोचेपर्यंत धागे सुटत येतात. कडेला खणाची दोन इंची पट्टी दुमडून लावा. आणखी एक मजा म्हणजे चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी तीच आणि रंग उलटे. एका बाजूला गर्द जमीन, दुसऱ्या बाजूला फिकी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत गर्द बाजू वर, उन्हाळ्यात फिकी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ आणि वाणाचं सामान मांडायला हीच जागा कामाला येईल. त्या दिवशी कळशी आत न्या.

आरशाबाबत मी सासूबाईंच्या बाजूनं आहे, कारण वेगळं. तुमचं दार पश्चिमेला असेल तर चारच्या उन्हाची तिरीप आरशावरून थेट आत येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. बाजूच्या भिंतीला लावा. रुंदी ३० ते ३२ इंच, म्हणजे टेबलाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. खिळा ठोकायच्या आधी घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला उभं करा. सासूबाईंना स्वतःचं कुंकू दिसलं पाहिजे.

गणपती मात्र त्या टेबलावर नको. दोन दिवसांत त्याच्या पायाशी किल्ल्या पडतील, चौथ्या दिवशी हेल्मेट. मग रोज भांडण. दाराच्या आतल्या बाजूला, डोक्याच्या वर, त्याची स्वतःची छोटी फळी करा. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, ह्यांना सांगायला लावा.

प्रश्न : दाराजवळच्या फळीवर मी काचेच्या बाटल्यांत मनी प्लँट लावलेत आणि पितळेच्या उरळीत पाणी घालून फुलं सोडते. नणंद म्हणते, डास होतात. खरं का? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : खरं आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून उरळीतलं पाणी ओतून द्यायला जीव होत नाही, हे मला कळतं. ते झाडाला घाला. पाणी येईल त्या दिवशी उरळी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून काथ्यानं घासा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. बाटल्यांच्या तोंडाला मुळांभोवती कापूस बसवा. दर पाळीला हे जमणार नसेल तर उरळीत फुलं कोरडीच मांडा. झेंडू दिवसभर तसाही टिकतो.

प्रश्न : आमचं घर साखर पेठेत, तीन पिढ्या मागावर. माग गेले, आजोबांचा एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारं लाकडी साधन, राहिला आहे. तो दारातल्या टेबलावर ठेवावा असं वाटतं. व्हार्निश मारू का? बायको म्हणते, भंगार दिसतं.

उत्तर : दादा, व्हार्निश मारू नका. मधल्या भागावर हाताच्या घामानं आलेली चकाकी असते, ती वरून थर दिला की मरते. मऊ ब्रशनं खोबणीतली धूळ आणि अडकलेले धागे काढा. एखादा धागा राहिला तर राहू द्या, कुठल्या रंगाचा आहे ते बघा. मग जवसाच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन लाकूड पुसा आणि एक दिवस सुकू द्या. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर नकोच. अंगणात पसरून पुरतं वाळवा, मग फेका.

टेबलावर नुसता ठेवलात तर वहिनी म्हणतात तसाच दिसेल, त्यात त्यांची चूक नाही. शिवाय दोन्ही टोकांना धातूची अणी असते, लहान मूल ते आधी डोळ्याशी नेतं. भिंतीवर आडवा लावा, छातीच्या उंचीवर, लाकडाच्या दोन छोट्या टेकूंवर. धोट्याला खिळा मारायचा नाही. धाग्याची कांडी शिल्लक असेल तर ती आत बसवा आणि धाग्याचं टोक दोन बोटं बाहेर सोडा. खाली टेबलावर फक्त किल्ल्यांची वाटी ठेवा. आणि आजोबा कुठल्या मागावर बसायचे, कुठल्या सालापर्यंत, ते एका कागदावर लिहून वाटीखाली ठेवा. येणारा प्रत्येक जण विचारणार आहे, आणि तुम्ही घरात नसाल तेव्हा उत्तर वहिनींना द्यावं लागेल.