प्रोसेसरची कंपनी बदलली, आता बाकी काय बदलावं लागेल?

प्रश्न : केळीच्या ऑफिसातला संगणक इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आहे. एच-६१ बोर्ड, आठ जीबी रॅम. विंडोज ११ त्यावर चढत नाही. दुकानदार एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी घ्या म्हणतो. शेजारचे व्यापारी म्हणतात, इंटेल सोडलं की सगळंच नवीन घ्यावं लागतं. खरं काय? (केळी व्यापारी, रावेर)

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बोर्ड आणि रॅम नवीन लागणारच, पण इंटेलचाच आजचा प्रोसेसर घेतलात तरी ते चुकत नाही. तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५५. त्यात बसणारा आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर इंटेलकडेही नाही, तिथे आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. त्यामुळे कंपनी बदलल्याचा वेगळा भुर्दंड पडत नाही.

५६००जी एएम४ सॉकेटमध्ये बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. तुमची डीडीआर३ त्या स्लॉटमध्ये शिरणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. सोळा जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एका स्टिकवर ते अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावर चालतं. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

पावतीवर 'जी' अक्षर तपासून घ्या. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये उलट, 'एफ' अक्षर असलं की ग्राफिक्स नसतं. बोर्ड बी-४५० या मॉडेलचा जुना साठा असेल तर बायोस (बोर्डातला, संगणक सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. ते काम दुकानातच करून घ्या, घरी आणल्यावर ते करायला जुना रायझन कुठून आणणार?

कॅबिनेट, एसएसडी, कीबोर्ड, प्रिंटर आहे तेच चालेल. मॉनिटर व्हीजीएचा असेल आणि बोर्डावर फक्त एचडीएमआय असेल, तर साधी केबल नको, कन्व्हर्टर घ्या. पॉवर सप्लाय चांगल्या बनावटीचा ४५० वॉटचा पुरतो. बोर्डावर प्रोसेसरसाठी आठ पिनांचं सॉकेट आणि सप्लायला चारचीच वायर असली तरी ६५ वॉटचा हा प्रोसेसर चालतो. पण दहा वर्षं वापरलेला सप्लाय नव्या बोर्डाला जोडू नका. तिथे पैसे वाचवणं आम्हाला पटत नाही.

प्रोसेसर थंड ठेवणारा जुना कूलर विसरा. इंटेलच्या त्या बोर्डाची भोकं ७५ बाय ७५ मिलिमीटरवर, एएम४ ची ५४ बाय ९० वर. ५६००जीच्या बॉक्समध्ये कूलर येतो, मात्र बॉक्सशिवायचा, ट्रे-पॅक प्रोसेसर घेतलात तर येत नाही. या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे. मे महिन्यात तुमच्याकडे खोलीतच ४४ असतं, म्हणून संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवू नका.

बसवताना एक सांभाळा. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, दांडी वर करून प्रोसेसर नुसता ठेवा. तो आपल्या वजनानं खाली बसतो, दाबावा लागला तर काहीतरी चुकलंय. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर आधी संगणक दहा मिनिटं चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा, मग कूलर हलका पिळून सोडवा. थंड असताना सरळ वर ओढला की प्रोसेसर दांडी लावलेली असतानाही उपटून येतो आणि पिना वाकतात.

प्रश्न : एसएसडी तशीच काढून नव्या रायझन मशीनला लावली तर विंडोज चालेल? टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन त्याच संगणकावर आहे. (कर सल्लागार, जळगाव)

उत्तर : बहुतेक वेळा चालतं. विंडोज १० आणि ११ पहिल्या बूटला नवीन बोर्ड ओळखून घेतात. टॅलीला किंवा एक्सेलला प्रोसेसर कुणाचा याच्याशी देणंघेणं नाही. अडतं ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं. म्हणून एसएसडी काढण्याआधी ही कामं उरका.

टॅलीत एफ१ दाबून सेटिंग्जमधल्या लायसन्समध्ये जा आणि परवाना सरेंडर करा, इंटरनेट चालू ठेवून. नव्या मशीनवर तोच पुन्हा ॲक्टिव्हेट होतो. विसरलात तर टॅलीच्या पार्टनरमागे लागावं लागेल, आणि ते नेमकं रिटर्नच्या शेवटच्या तारखेला होतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का पाहा. असेल तर तो सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर काढून ठेवा. कुलपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते, नवा बोर्ड दिसला की विंडोज ते ४८ आकडे मागतं. रोज चार आकडी पिननं आत जाणाऱ्यांची आणखी एक फजिती: पिनही त्याच टीपीएमला बांधलेला, तो नव्या मशीनवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवतो का, ते आजच करून पाहा.

बायोसमध्ये डिस्क हाताळायची पद्धत नेहमीची एएचसीआय आहे की इंटेलची रेड किंवा व्हीएमडी? दुसरी असेल तर नव्या मशीनवर निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आधी जुन्याच मशीनवर विंडोज सेफ मोडला लावून एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या, मग नेहमीचं बूट सुरू करा. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर नवा बोर्ड तिला विचारतही नाही. विंडोजमधलं 'एमबीआर टू जीपीटी' साधन माहिती न पुसता ती बदलतं, मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत. हे काम सगळ्यात शेवटी करा, कारण त्यानंतर जुनं मशीन लेगसी मोडमध्ये (सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीत) त्या डिस्कवरून सुरू होणार नाही. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर, हे सांगायला नकोच.

नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच उतरवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. मग एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर घाला, इंटेलचे जुने प्रोग्राम काढा. विंडोज वेगळं विकत घेतलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा. ब्रँडेड मशीनसोबत आलेलं विंडोज त्याच बोर्डाचं, ते सोबत येत नाही. डिजिटल सहीच्या टोकनला काही होत नाही.

प्रश्न : जिनिंगच्या वजनकाट्याचा संगणक रायझनचा केला. एसएसडी जुनीच लावली. आता वजन पडद्यावर येत नाही. एएमडीमुळे असेल का? (धरणगाव)

उत्तर : नाही. जुन्या बोर्डाला मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट होता, नव्याला नाही, आणि तुम्ही यूएसबी कन्व्हर्टर लावला असणार. त्याला कॉम३ किंवा कॉम५ असा नंबर मिळतो, काट्याचा प्रोग्राम मात्र कॉम१ वर कान देऊन बसलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स, कन्व्हर्टरचे प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे कॉम१ करा. 'इन यूज' दिसेल, कारण जुन्या बोर्डाचा पोर्ट विंडोजच्या वहीत अजून नोंदलेला आहे. व्ह्यूमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' करा, फिकट दिसणारा जुना कॉम१ काढून टाका, मग नंबर द्या. बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) काट्याच्या इंडिकेटरवर आहे तोच हवा. कन्व्हर्टर दर वेळी त्याच यूएसबी भोकात ठेवा, जागा बदलली की नंबर बदलू शकतो.

हंगामात पंधरवड्याला कूलरमधली कापसाची लव काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. इंटेलवरून रायझनवर जाऊ का? (धुळे)

उत्तर : कॅमेरा एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारी फाइल) देत असेल तर थांबा. ही फाइल इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं ऑनबोर्ड ग्राफिक्स हार्डवेअरमध्ये उलगडतं, रायझनचं नाही. मग टाइमलाइन अडखळते आणि प्रॉक्सी (एडिटसाठीच्या हलक्या प्रती) बनवत रात्र जाते. आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड घेणार असाल तर अडचण उरत नाही. ४:२:० मध्ये शूट करत असाल तर खुशाल जा.

प्रश्न : रायझनवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही. (विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : बायोसमध्ये 'एसव्हीएम मोड' चालू करा, बऱ्याच बोर्डांवर तो बंदच येतो. इंटेलवर 'सेव्ह' करून ठेवलेलं व्हर्च्युअल मशीन इथे पुढे चालणार नाही. ते तिकडेच पूर्ण शटडाउन करून आणा.