पॅकेट आलं की ४८६ हँग!

प्रश्न : दादा, सांगलीत जुन्या बाजारात ४८६ (जुना पीसी) मिळाला, एनई२००० नेटवर्क कार्डसकट. डॉसमधे पॅकेट ड्रायव्हर (कार्ड आणि प्रोग्राममधला दुवा) नीट लोड होतो, पण माझा सी प्रोग्राम पहिलं पॅकेट आलं की गार. रिसीव्हर फंक्शनमधे फक्त एक प्रिंटएफ आहे हो!

उत्तर : अरे तोच तर घोळ आहे! ते फंक्शन ड्रायव्हर इंटरप्टच्या मधेच, म्हणजे कार्डनं चालू काम थांबवलेलं असताना, बोलावतो, आणि प्रिंटएफ शेवटी डॉसकडेच जातो, आणि डॉसला एक काम अर्धवट असताना दुसरं दिलेलं झेपत नाही. तिथं फक्त फ्लॅग (पॅकेट आल्याची खूण) लाव, छापाछापी मेन लूपमधे कर. शिवाय एका पॅकेटला दोन फेऱ्या असतात, म्हणजे ते फंक्शन दोनदा बोलावलं जातं, एएक्स रजिस्टर (प्रोसेसरमधला छोटा कप्पा) ० असेल तर ईएस:डीआय या रजिस्टरांमधे बफरचा पत्ता द्यायचा (जागा नसेल तर ०:०, पॅकेट टाकून देतो), १ आला की माल बफरात पडला. आणि डीएस (डेटा कुठं आहे ते सांगणारा रजिस्टर)! फंक्शनमधे शिरताना तो तुझा नसतो, आपला आपण भरायचा, मी यात दोन रात्री घालवल्यात. प्रोग्राममधून बाहेर पडताना रिलीज टाइप (ड्रायव्हरकडची आपली नोंद काढणारं फंक्शन) विसरू नकोस, नाहीतर ड्रायव्हर रिकाम्या घराचं दार वाजवत बसतो. कार्डचा आयआरक्यू (इंटरप्टचा नंबर) ३ असेल तर कॉम२ (दुसरा सिरियल पोर्ट) शी भांडण होतं, ५ वर टाकून बघ.