पिशवी काढली, आता रस्ताही बंद करायचा का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी २८ वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला), डोंबिवलीला राहतो, नोकरी लोअर परळला. चार वर्षं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चालू आहे, छातीचं ऑपरेशन झालंय, गेल्या वर्षी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. तरी खाली अधूनमधून जळजळ होते, कधी डाग दिसतो आणि तो दिसला की माझा अख्खा दिवस खराब जातो. सर्जन म्हणाले योनीपण काढता येईल. आई म्हणते सगळं झालंय ना, अजून काय काढायचं राहिलंय? खरं सांगायचं तर मलाच नीट कळलेलं नाही नक्की काय काढतात. लघवीचं काय होतं, सुख राहतं का, आणि पुढेमागे लिंग बनवायचं ठरवलं तर अडचण येईल का?

उत्तर: वयाने माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून अरेतुरे करतेय, चालेल ना. आधी आईचं. तिचं काही चुकत नाहीये, आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटलं की खालचं सगळंच गेलं असं घरोघरी समजतात, शिकलेली माणसंसुद्धा. पिशवी म्हणजे गर्भाशय, ते गेलं, पण तिथून बाहेर येणारा रस्ता, म्हणजे योनी, ती आहे तिथेच आहे, फक्त वरचं टोक टाके घालून बंद केलंय.

ओपीडीत मी हे माझ्या स्वेटरच्या बाहीवर दाखवते. बाहीला आतून अस्तर आहे असं समज आणि वरचं तोंड शिवलेलं. तुझ्यासारख्याच्या ऑपरेशनमधे, त्याला व्हजायनेक्टॉमी म्हणतात, ते आतलं अस्तर पूर्ण काढतात, मग बाहीच्या भिंती आतल्याआत एकमेकींना टाके घालून मिटवतात आणि बाहेरचं तोंड बंद करतात. म्हणजे अख्खी बाही उपटून काढत नाहीत. अस्तर मात्र पूर्ण निघायला हवं, कारण त्याचा तुकडा जरी आत राहिला तरी तो ओलावा सोडत राहतो, मग आत गाठ धरते नाहीतर टाक्यांतून पाणी येत राहतं.

ऐकायला सोपं वाटतं पण ऑपरेशन नाजूक आहे. पुढच्या भिंतीला लागून लघवीची पिशवी आणि नळी, मागच्या भिंतीला लागून गुदाशय, मधे जागा म्हणशील तर काही मिलीमीटर, आणि आजूबाजूला शिरांचं जाळं इतकं दाट की रक्त बरंच जाऊ शकतं, म्हणून रक्ताची सोय आधी करून ठेवावी लागते. सगळ्यात नको असलेली गोष्ट म्हणजे भोक पडून लघवी किंवा शौच भलतीकडून गळणं. सर्रास होत नाही पण झालं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं, त्यामुळे सर्जनला तोंडावर विचार की तुम्ही अशी ऑपरेशनं किती केलीत. यात उद्धटपणा काहीच नाही.

लघवीची जागा बदलत नाही, बसूनच करावी लागेल, उभं राहून करायची तर नळी लांबवायचं वेगळं ऑपरेशन असतं. सुखाचं म्हणशील तर क्लिटोरिस आणि तिच्या नसांना हात लावायचा नसतो, टेस्टोस्टेरॉनने ती वाढलेली असते आणि बहुतेकांची संवेदना पुढेही राहते. आत घेण्याचा मार्ग मात्र कायमचा बंद होतो, उद्या मन बदललं तर पूर्वीसारखा परत मिळणार नाही. आत्ता कोणी जोडीदार नसला तरी याचा शांतपणे विचार कर, हवं तर दोन महिने घे.

आता लिंगाचा प्रश्न, आणि तू तो आधीच विचारलास हे फार बरं केलंस. काही सर्जन नळी लांबवायला योनीच्या पुढच्या भिंतीचंच अस्तर वापरतात. आज घाईने ते काढून टाकलं तर पुढे तो कपडा मिळणार नाही. शिवाय नळी लांबवायची असेल तर योनी बंद केल्याने गळतीचा धोका कमी होतो, म्हणून बरेच जण दोन्ही एकत्र किंवा ठरवून टप्प्याटप्प्याने करतात. लिंग 'कदाचित' हवंय असं असेल तर तो कदाचित शब्दसुद्धा सर्जनच्या कानावर घाल.

आणि डाग दिसतोय म्हणून थेट ऑपरेशन नको, आधी तपासणी! तुझ्या बाबतीत दोन कारणं नेहमीची. टेस्टोस्टेरॉनमुळे आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, ती जळजळते, जरा घासली की रक्त येतं. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं, म्हणजे बायकांच्या हार्मोनचं, क्रीम असतं, त्या नावाने पोरं घाबरतात पण रक्तात फारच थोडं जातं, दाढी-आवाज कुठे जात नाही. दुसरं म्हणजे वरच्या टाक्यांवर वाढलेला लालसर मांसाचा कोंभ, तो ओपीडीत पाच मिनिटांत औषध लावून जाळता येतो. तपासताना लहान स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालतात ते चिमट्यासारखं साधन) वापरा असं हक्काने सांग. एवढ्याने भागलं तर छानच. पण ती जागा शरीरात आहे याचाच त्रास होत असेल तर तो क्रीमने जाणारा नाही, आणि तेही ऑपरेशनसाठी खरंखुरं, पुरेसं कारण आहे, डाग दाखवून ते सिद्ध करायची गरज नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रान्स आरोग्यासाठी जगभर वापरतात त्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत एका तज्ज्ञाचं पत्र पुरेसं धरलंय, पण आपल्याकडे अजून बरेच सर्जन दोन मागतात, आधी विचारून घे नाहीतर चकरा होतात. तू सज्ञान आहेस, सही तुझीच लागते. आणि कोणी म्हणालं ऑपरेशन केल्याशिवाय तू पुरुष कसा, तर २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की ओळखीसाठी ऑपरेशनची सक्ती बेकायदेशीर आहे. करायचं तर स्वतःसाठी कर.

नंतर काही दिवस लघवीची नळी, साधारण सहा आठवडे वजन उचलायचं नाही आणि डोंबिवली फास्टच्या दारात लटकायचं तर अजिबात नाही, शक्य असेल तर घरून काम माग. घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. पॅड भिजेल इतकं रक्त, ताप, भलतीकडून लघवी किंवा पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि केसपेपरवर तुझं चालू नाव लिहून घे. मी पूर्वी होते त्या एका हॉस्पिटलात तुझ्यासारखाच एक मुलगा दोनदा नंबर जाऊ देऊन तसाच बाकावर बसून राहिला होता, कारण सिस्टर 'श्रीमती' लावून पुकारत होत्या आणि भरल्या ओपीडीत त्याला उठवेना. मी बाहेर जाऊन नुसत्या आडनावाने हाक मारली तेव्हा आला. ते अजून डोक्यातून जात नाही माझ्या.

प्रश्न: माझी आत्या ६४ वर्षांची, साताऱ्याहून उपचारासाठी लालबागला आमच्याकडे आलीये. योनीचा कॅन्सर, आधी शेक (रेडिएशन) दिला, आता पुन्हा गाठ दिसली म्हणून परळच्या टाटामधे योनी काढायची म्हणतायत. आत्याला आम्ही फक्त 'मोठं ऑपरेशन' एवढंच सांगितलंय. तिला आणि आतोबांना सगळं सांगायलाच हवं का?

उत्तर: हो ताई, हवं. वरच्या उत्तरातलं ऑपरेशन आणि हे, नाव एकच असलं तरी काम वेगळं. इथे फक्त अस्तर नाही, गाठीभोवतीच्या निरोगी भागासकट भिंत काढतात, गरजेप्रमाणे गर्भाशय आणि आसपासच्या लसिकाग्रंथीही. हा कॅन्सर मुळात क्वचित होतो आणि बहुतेकदा शेकावरच भागवतात, शेकानंतर परत आला की मग ऑपरेशनचा विचार होतो. शेक बसलेली जागा हळू भरते त्यामुळे दिवस जास्त लागतील हे धरून चला. गाठ लघवीच्या पिशवीला किंवा गुदाशयाला टेकली असेल तर तेही काढावं लागू शकतं आणि मग पोटावर बाहेर पिशवी लावायची वेळ येते. हे भूल उतरल्यावर पोट चाचपताना कळणं किती भयंकर असेल, विचार करा.

कायद्यानेही हेच आहे. २००८ मधे सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं होतं, बाईची संमती फक्त तपासणीची, ती भुलेत असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. कोर्टाने सांगितलं की स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान पेशंटची संमती तिचीच लागते, जीव तातडीने धोक्यात नसताना घरच्यांची सही चालत नाही.

आणि एक गोष्ट आत्याला कोणी विचारणारच नाही, वय बघून. मांडीचा स्नायू-त्वचा किंवा आतड्याचा भाग घेऊन योनी नव्याने बनवता येते, कधीकधी त्याच ऑपरेशनमधे, पण ते आधी बोलावं लागतं. माझ्याकडे साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, टाके काढायच्या दिवशी सून औषधं आणायला गेली तसा त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, 'आता आमच्यात काहीच व्हायचं नाही का हो?' त्यांना आधी कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं आणि मी पण गृहीत धरलं होतं की सांगितलं असेल. आतोबांनाही बरोबर न्या, पण त्यांना काय आणि किती सांगायचं ते आत्या ठरवेल.

खर्चासाठी महात्मा फुले योजनेचं तुमच्या केसमधे काय होतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा. साताऱ्याहून आणखी माणसं येणार असतील आणि घर लहान पडत असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंट आणि नातेवाइकांची सोय होते, जागेसाठी लवकर चौकशी करा.

पुढच्या तारखेला आत्याला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा आणि तिलाच विचारू दे: काय काढणार, काय राहणार, लघवी-शौच कुठून होणार, परत बनवता येईल का. तुम्ही फाईल घेऊन मागे उभ्या राहा, ती अडली तरच बोला.