केलॉइड म्हणून काढलेली गाठ परत आली, रिपोर्टमध्ये ‘डीएफएसपी?’

तुमच्या भावाच्या खांद्यावरची गाठ केलॉइड, म्हणजे व्रणाची फुगलेली वाढ, समजून काढली, ती त्याच जागी परत आली आणि आता पंच बायोप्सीचा (त्वचेचा छोटा गोल तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट म्हणतो, ‘डर्मॅटोफायब्रोमा, डीएफएसपी नाकारता येत नाही’. म्हणजे त्वचेची साधी, निरुपद्रवी गाठ दिसते, पण कर्करोगाची शक्यता उरते. पॅथॉलॉजिस्ट जबाबदारी टाळतोय असं तुम्हाला वाटलं, पण तसं नाही. मी याच कामात आहे. तुकडा वरवरचा असेल तर याहून ठाम लिहिणं चुकीचं ठरेल.

डीएफएसपी, म्हणजे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, हा त्वचेचा कर्करोग वर्षाला दहा लाखांत जेमतेम चार-पाच जणांना होतो. वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि सहसा दुखत नाही, म्हणून सगळेच फसतात. वरच्या थरात तो साध्या डर्मॅटोफायब्रोमासारखाच दिसू शकतो. खरा फरक खाली, चरबीत कळतो. डर्मॅटोफायब्रोमा बहुधा चरबीच्या काठावर थांबतो. डीएफएसपीच्या लांबट पेशी मात्र चरबीच्या एकेका पेशीला वेढत आत शिरतात आणि मायक्रोस्कोपखाली मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ती जाळी तुकड्यात आलीच नसेल, तर कुणाला दिसणार? म्हणून चरबीपर्यंत जाणारी खोल बायोप्सी मागा.

त्याआधी एक करा. पहिल्या ऑपरेशनची गाठ तपासायला पाठवली होती का, ते शोधा. पाठवली असेल तर तिचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे लॅबने मेणात जपून ठेवलेले तुकडे, मिळवा, त्यांतूनच बरंच कळेल. त्यांवर पेशींतली प्रथिनं ओळखणाऱ्या चाचण्या करता येतात. सीडी३४ पॉझिटिव्ह आणि फॅक्टर तेरा-ए निगेटिव्ह आलं, तर पारडं डीएफएसपीकडे झुकतं. पण एकट्या सीडी३४ वर विसंबू नका, इतरही काही गाठींत ते पॉझिटिव्ह येतं. शंका उरलीच तर फिश ही गुणसूत्रांतला बिघाड दाखवणारी तपासणी करा. बहुतेक डीएफएसपीमध्ये १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन सीओएल१ए१ आणि पीडीजीएफबी ही जनुकं जोडली जातात. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांना इमॅटिनिब हे औषध लागू पडतं, तेही याच बिघाडामुळे.

घाबरू नका, हा शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पाच टक्क्यांहूनही कमी. त्रास देतो तो त्याच जागी परत येऊन, कारण त्याच्या मुळ्या दिसणाऱ्या गाठीच्या बऱ्याच पलीकडे गेलेल्या असतात. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत ‘पटकन काढून टाकू’ याला हो म्हणू नका. नंतर एमआरआय, आणि मग मोज पद्धतीने (थराथराने काढत, प्रत्येक थराच्या कडा मायक्रोस्कोपखाली तपासत) किंवा चांगली दोन-तीन सेंटीमीटर कड घेऊन शस्त्रक्रिया.

रिपोर्टमध्ये फायब्रोसार्कोमाचा, म्हणजे जास्त आक्रमक कर्करोगाचा, भाग आहे का, हे आवर्जून विचारा. असेल तर पसरण्याचा धोका वाढतो आणि छातीचा सीटी स्कॅनही करावा लागतो. आणि कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत फ्लॅप (शेजारच्या त्वचेचा तुकडा) फिरवून जखम बंद करू नये, हे सर्जनशी आधीच बोलून घ्या.