१९४५च्या मकरान त्सुनामीवर हात बसवताना

२८ नोव्हेंबर १९४५च्या मकरान (इराण-पाकिस्तानचा अरबी समुद्रकिनारा) भूकंपात भ्रंश, म्हणजे भूकवचातली भेग, कुठे आणि किती सरकला हे त्सुनामीवरून काढायला कराची आणि मुंबईचे भरती-आलेख (समुद्रपातळीच्या नोंदी) घेतलेत, तर आधी घड्याळ तपासा. मापकाच्या फिरत्या कागदी ड्रमवर नोंदलेली वेळ काही मिनिटं सहज चुकते, आणि खोल समुद्रात (३००० मीटर) लाट सेकंदाला साधारण १७० मीटर धावते. म्हणजे पाच मिनिटांची चूक भ्रंशाची काढलेली जागा सरळ ५० किलोमीटर सरकवते! अंदाजलेली भरती नोंदीशी ताडून घड्याळाची चूक काढा, मग ती भरती नोंदीतून वजा करा. मापक ज्या विहिरीत असतो तिचं पाणी आत येण्याचं छिद्र अरुंद असेल तर कमी कालावधीच्या लाटा दबतात. तो परिणाम मॉडेलमध्येही घाला.

पुढे भ्रंशाचे तुकडे पाडा, प्रत्येकावर १ मीटर सरक (भ्रंशाच्या दोन बाजूंचं एकमेकींवर घसरणं) देऊन मॉडेलने लाट काढा आणि ऋण (उलट्या दिशेची) सरक वर्ज्य ठेवून त्या लाटांची बेरीज नोंदींशी जुळवा. दोनच मापक आहेत, दहा-वीस तुकड्यांचा हव्यास नको, तीन-चार पुरेत. भार पहिल्या लाटांवर द्या. नंतरच्या लाटांत उथळ खंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) आणि बंदरातल्या पाण्याचं हेलकावणं मिसळतं, विशेषतः मुंबईत. बंदराची खोली आजच्या नकाशावरून घेऊ नका, जुना नौकानयन नकाशा शोधा. मकरान किनाऱ्यावरच्या ओरमारा गावी जमीन सुमारे २ मीटर वर उचलली गेली, तो आकडा जुळवणीबाहेर ठेवा, पडताळ्याला कामी येतो.