प्रश्न तुमचे : जेवणाची खुर्ची, प्रमाणपत्राची फाइल आणि डॉल्बीची रात्र

(दिव्यांग मुलांच्या पालकांकडून आलेल्या पत्रांना सदराच्या तज्ज्ञ मंडळानं दिलेली उत्तरं. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ होतात, मान नीट धरत नाही. एक वेळचं जेवण तासभर चालतं. मध्येच ठसका लागतो, कधी दूध नाकातून येतं. सासूबाई मांडीवर आडवा घेऊन भरवतात, तसं लवकर उरकतं म्हणतात. सारखी छाती भरते, वजन अकरा किलोच्या पुढं जात नाही. काय खायला घालू?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, काय घालायचं हे नंतर बघू. आधी तो बसतो कसा ते बदला. आडवं घेतलं की मान मागं पडते, श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि घास गिळायच्या आत आपोआप घसरतो. म्हणून लवकर उरकतं. त्यातला काही भाग छातीत जात असणार. वारंवार छाती भरण्याचं ते एक मोठं कारण असतं.

सुताराकडून खुर्ची करून घेता येते, पण मापं तुम्ही द्या. पाठ टेकवून बसवल्यावर कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं कमी करा, ती बैठकीची लांबी. इथंच बहुतेक खुर्च्या चुकतात. ‘पुढं वाढेल की’ म्हणून बैठक लांब ठेवतात, मग मूल पुढं घसरतं, पाठीला पोक येतं आणि मान पुन्हा मागं जाते. वाढत्या वयासाठी बैठक लांब ठेवण्यापेक्षा पाठीमागं काढता येणारी फळी किंवा कडक फोमची गादी लावावी. पाय लोंबकळता कामा नयेत. तळवे पूर्ण टेकतील अशी पायफळी हवी, कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात. पट्टा पोटावरून बांधू नका, मांड्या जिथं कमरेला मिळतात तिथून खाली-मागं ओढून बांधा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील तर गुडघ्यांच्या मध्ये गादी लावलेला ठोकळा ठेवा. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीवर. बाजूला कलत असेल तर दोन्हीकडं गुंडाळलेले टॉवेल पुरतात. खुर्ची पूर्ण करण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण ताठरपणाच्या प्रकारानुसार पाठीचा कल बदलतो.

भरवणाऱ्यानं समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खाली बसायचं. उभं राहून भरवलं की ते वर बघतं आणि हनुवटी उचलली जाते. हनुवटी किंचित छातीकडं झुकलेली हवी. चमचा उथळ, कडा बोथट, अर्धाच भरलेला. जिभेच्या मध्यावर हलका दाब देऊन सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांवर घासून घास पुसून काढायची सवय घराघरांत असते, ती मोडा, त्यानं मान मागं ढकलली जाते. एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही.

आता जेवण. आपल्याकडं मऊ म्हणून रश्शात किंवा दुधात भाकरी चुरून देतात. अशा मुलांना नेमकं तेच सगळ्यात अवघड जातं. तोंडात तुकडे चावायचे बाकी असतात आणि पातळ रस्सा आधीच घशात उतरतो. चहा-बिस्कीट, खिचडीवर कढी, शेवयांची खीर, सगळ्यांची तीच गोष्ट. एकसारखं घट्ट द्या : मऊ भात आणि घट्ट वरण घोटून, नाचणीची दाट लापशी, कुस्करलेलं केळं, शिजवून गाळलेला भोपळा. चमचा तिरका केला तर पदार्थ धार न लागता गोळ्यानं पडला पाहिजे. तेवढ्याच घासात ताकद जास्त जावी म्हणून प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तूप किंवा तेल घाला, एका चमच्याला साधारण ४५ उष्मांक मिळतात. शेंगदाणे अख्खे किंवा जाडसर कूट नको, गुळगुळीत वाटलेले चालतील. अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं, मग थांबा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. जेवणानंतर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याचा उपचार करून घ्या, पोट साफ नसलं की भूक मरते.

एवढं करूनही प्रत्येक जेवणाला ठसका, जेवताना घशात घरघर किंवा ओला आवाज, पुन्हा पुन्हा ताप, यांतलं काहीही राहिलं तर बालरोगतज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. दूध नाकातून येतं हेही त्यांना सांगा. काही मुलांच्या छातीत घास जातो तरी ठसका येत नाही, म्हणून ठसका थांबला एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांनी काही काळ नळीनं अन्न द्यायचं सुचवलं तर ती हार समजू नका.

सासूबाईंना दोष देऊ नका. दुपारचं एक जेवण खुर्चीत बसवून भरवायचं काम त्यांच्याकडंच सोपवा. तेवढाच तुमच्या पाठीला आराम.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणाले. मी यंत्रमागावर आहे, एक दिवस गेला की पगार बुडतो. प्रमाणपत्रासाठी किती हेलपाटे पडतील? आणि मशीन कधी मिळणार?
— एक वडील, इचलकरंजी

उत्तर : दादा, प्रमाणपत्र येईपर्यंत मशीनसाठी थांबू नका. भाषा शिकण्याची ही वर्षं परत येत नाहीत. तपासणी होताच दोन्ही कानांना श्रवणयंत्र बसवून स्पीच थेरपी सुरू करा. यंत्रानं पुरेसा फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्राचा) विचार होतो, आणि दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा ५ वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. शस्त्रक्रियेनंतरही बोलणं आपोआप येत नाही. महिनोन्‌महिने थेरपी लागते, बाहेरच्या यंत्राच्या बॅटऱ्या-वायरींचा खर्च चालू राहतो. हे आधी विचारून घ्या.

हेलपाटे बहुतेक तीन कारणांनी वाढतात. पहिलं, नाव. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असलं की अर्ज अडकतो, ते आधी दुरुस्त करा. (पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत, पाचव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात.) दुसरं, अर्धवट रिपोर्ट. बेरा चाचणीला (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी) मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत एसटीत डुलकी लागू देऊ नका. सर्दी किंवा कान वाहत असेल तर तारीख पुढं घ्या, नाहीतर चाचणी पुन्हा करावी लागते. तिसरं, चुकीचा वार. कान-नाक-घसा तज्ज्ञ तपासणीला कोणत्या दिवशी बसतात ते आधी फोन करून विचारा.

अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र). सोबत आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आजवरचे रिपोर्ट. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. अर्जात रुग्णालय निवडावं लागतं, कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय). कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त घट म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकण्यास कष्ट. बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड, त्यापुढं ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. लहान मुलांना बहुधा ठराविक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, संपायच्या तीन महिने आधी हालचाल करा.

एडिपमध्ये पालकांचं उत्पन्न महिना २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. कार्ड हातात आलं की तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचंही विचारा. दिव्यांगांचं अनुदान राज्यानं २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये केलं, मात्र उत्पन्नाचा दाखला लागतो.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा, ऑटिझम. गणपतीत डॉल्बी वाजली की कान झाकून किंचाळतो, डोकं आपटतो. नातेवाईक म्हणतात, लाडानं बिघडवलाय. घरचा गणपती बसवावा की नाही?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : बसवा. मात्र आरतीला झांजा दुसऱ्या खोलीत, नाहीतर फक्त टाळ्या. त्याला नेमकं काम द्या, दूर्वा वाहणं किंवा ताटात मोदक मांडणं. ‘आधी आरती, मग झोपाळा’ अशी दोन चित्रं समोर ठेवली की पुढं काय होणार हे त्याला कळतं आणि बेचैनी निम्मी उतरते.

हट्ट की असह्य त्रास, हे ओळखायला एक खूण पुरते : हवी ती वस्तू दिल्यावर रडणं थांबलं तर हट्ट. तुमच्या मुलाला काहीच नकोय, आवाज थांबायला हवाय. अशा वेळी समजूत घालू नका, बोलणं कमी, दिवा मंद, डोक्याखाली उशी, आणि तो स्वतः येत नाही तोवर मिठी नको.

कारखान्यात कामगार घालतात ते इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सणाच्या तीन आठवडे आधीपासून, त्याच्या आवडीचं काही चालू असताना, रोज पाच-दहा मिनिटं घालायची सवय लावा. ऐन मिरवणुकीत पहिल्यांदा घातले तर तो फेकून देणार. दिवसभरही घालू नका, मग साधे आवाजही टोचू लागतात. विसर्जनाची रात्र महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी सरळ गावाकडं काढावी, त्यात कमीपणा कसला? आणि एक काळजीचं : ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते, धोक्याची जाणीव नसते. रंकाळा किंवा पंचगंगा घाटावर एका मोठ्या माणसानं फक्त त्याचा हात धरायचा, मोबाइल दुसऱ्याच्या हातात. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून ठेवा.

प्रश्न : ऑटिझमसाठी स्टेम सेलचा (मूळ पेशींच्या उपचाराचा) कोर्स घ्यावा का? काही लाख सांगतात.
— एक वडील, जयसिंगपूर

उत्तर : नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानं २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करत नसल्याचं सांगितलं आहे. ते पैसे स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं करायला शिकवणारी) लावा.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. बँक म्हणते, आता तुम्ही त्याचे पालक म्हणून सही करू शकत नाही. आमच्या माघारी काय?
— एक वडील, कागल

उत्तर : गुरुजी, बँकेचं म्हणणं बरोबर आहे. १८ पूर्ण झाले की आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच हा मार्ग लागू आहे. समितीचं प्रमाणपत्र बँकेला चालतं, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. हिशेबाचं बरेच जण विसरतात.

याच कायद्याखालच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही मिळतो. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला पहिल्या वर्षी ५०० रुपये. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पेन्शनबाबत तुम्ही हयात असतानाच करण्याचं काम आहे. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र तुमच्या पेन्शनच्या कागदांत आत्ताच लागलेलं हवं. मागाहून भावंडांना ते सिद्ध करत बसावं लागतं.

घर-जमीन थेट मुलाच्या नावावर करू नका. ती विकता येत नाही, सांभाळता येत नाही, आणि सही घेणारे भेटतात. मृत्युपत्रातून खाजगी न्यास (ट्रस्ट) करा आणि पैसा सांभाळणारा व मुलाला सांभाळणारा अशी दोन वेगळी माणसं नेमा. नॉमिनी हा मालक नसतो, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा.

सोबत एक वही लिहा : औषधं आणि वेळा, फिट आली तर काय करायचं, काय खातो, कशाला घाबरतो, अंघोळीला कोणाचा हात चालतो, डॉक्टरांचे नंबर. दुसरी प्रत भावी पालकाकडं ठेवा आणि आतापासून महिन्यातले दोन दिवस मुलगा त्यांच्या घरी राहू द्या. काय लिहायचं राहिलंय ते तेच तुम्हाला सांगतील.